हवेलीचा वारस : बकिंगहॅमशायरमधील काही वास्तू आणि काही शाळा

बकिंगहॅम हे नाव उच्चारताच आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे लंडनमधला राजवाडा उभा राहतो. मूळ बकिंगहॅम मात्र लंडनच्या वायव्येला, ग्रेट ऊझ नदीच्या वळणावर वसलेले एक लहानसे बाजारपेठेचे गाव आहे. बकिंगहॅमशायर या परगण्याला त्याच्यावरूनच नाव मिळाले. या गावात आणि त्याच्या जवळ दोन वास्तू आहेत. एक गावाच्या भरवस्तीत असलेले दगडी प्रार्थनामंदिर, आकाराने आपल्याकडच्या एखाद्या देवळाच्या सभामंडपाएवढे. दुसरी तेथून जेमतेम तीन मैलांवरची स्टो नावाची प्रचंड हवेली. तिच्याकडे जाणारा दुतर्फा झाडांचा सरळ रस्ताच दीड मैलाच्या आसपास लांब आहे. पहिल्या वास्तूत शतकानुशतके शाळा भरत होती, आज भरत नाही. दुसरी शाळेसाठी बांधलेली नव्हती, पण गेली शंभराहून अधिक वर्षे तिच्यात शाळा आहे. इंग्लंडच्या सामाजिक इतिहासातला एक मोठा प्रश्न या दोन वास्तूंच्या अदलाबदलीत दडलेला आहे. जुन्या सत्तेच्या घरांचे वारस कोण झाले, आणि त्या वारशात कोणाला वाटा मिळाला, हा तो प्रश्न.

प्रार्थनामंदिरातली शाळा

मध्ययुगीन इंग्लंडमध्ये धनिक लोक आपल्या मृत्यूनंतर आत्म्याच्या शांतीसाठी नित्य प्रार्थना व्हावी म्हणून जमीन किंवा उत्पन्न लावून देत. अशा देणगीवर नेमलेला पाद्री पुष्कळ ठिकाणी प्रार्थनेखेरीज गावातल्या मुलांना लॅटिन व्याकरणही शिकवी. बकिंगहॅमचे हे मंदिर त्या परंपरेतले. पंधराव्या शतकात त्याची पुनर्बांधणी झाली, पण त्याचे नक्षीदार दगडी दार त्याहूनही जुने, बाराव्या शतकातले आहे. सहाव्या एडवर्डच्या राज्यात, १५४७ नंतर, धर्मसुधारणेच्या लाटेत अशी प्रार्थनास्थाने बंद करण्यात आली आणि त्यांची मालमत्ता राजाकडे गेली. बकिंगहॅमची शाळा मात्र तगली. तिला राजकोशातून नेमणूक मिळाली आणि तिचे नाव 'रॉयल लॅटिन स्कूल' असे पडले. १९०७ पर्यंत ती त्याच दगडी मंदिरात भरत असे. ते मंदिर आता नॅशनल ट्रस्ट या वारसा-संस्थेकडे आहे आणि शाळा गावातच दुसऱ्या जागी चालते.

याच परगण्याच्या दक्षिण टोकाला, थेम्सच्या काठी, सहाव्या हेन्रीने १४४० मध्ये ईटनची स्थापना केली. (१९७४ च्या सीमाबदलात ईटन शेजारच्या बर्कशायरमध्ये गेले, तोवर ते बकिंगहॅमशायरचे होते.) संस्थापकाच्या योजनेत सत्तर गरीब विद्यार्थ्यांच्या विनामूल्य शिक्षणाची तरतूद होती. त्यांच्याबरोबर फी भरून शिकणाऱ्या मुलांनाही प्रवेश होता. पुढे ही दुसरी मुले संख्येने आणि प्रभावाने पहिल्यांपेक्षा कितीतरी वाढली आणि गरिबांसाठी काढलेल्या विद्यालयाचे सरदारपुत्रांच्या विद्यालयात रूपांतर झाले. ब्रिटनच्या पंतप्रधानांपैकी वीस जण येथे शिकले. धर्मादाय म्हणून सुरू झालेली संस्था जसजशी प्रतिष्ठित होते तसतशी ज्यांच्यासाठी ती निघाली त्यांना ती परकी होत जाते, हा अनुभव केवळ इंग्लंडचा नाही. पण ईटनइतके त्याचे ठळक उदाहरण विरळा.

मेंढ्या, बिअर आणि स्वातंत्र्याची मंदिरे

आता स्टोकडे वळू. १५७१ मध्ये पीटर टेंपल नावाच्या माणसाने स्टोची जमीन भाडेपट्ट्याने घेतली. १५८९ मध्ये त्याचा मुलगा जॉन याने ती विकत घेतली. घराण्याचा पैसा मेंढ्यांच्या कळपांतून आला. आज दिसणाऱ्या हवेलीचा गाभा तिसरे बॅरोनेट सर रिचर्ड टेंपल यांनी १६७७ ते १६८३ या काळात उभारला. त्यांचा मुलगा, पुढे व्हायकाउंट कोबम झालेला सेनानी, याने साउथवर्कच्या एका धनाढ्य बिअर-उत्पादकाच्या मुलीशी लग्न केले आणि मिळालेल्या संपत्तीतून युरोपभर गाजलेले उद्यान रचले. चार्ल्स ब्रिजमन, जॉन व्हॅनब्रू, जेम्स गिब्ज आणि विल्यम केंट असे त्या काळचे अग्रगण्य रचनाकार तेथे राबले. पुढे 'केपेबिलिटी' म्हणून प्रसिद्ध झालेला लॅन्सलॉट ब्राउन १७४१ पासून दहा वर्षे तेथे मुख्य माळी होता.

घराण्याचे आडनाव टेंपल. त्यावर कोटी करावी तशी त्यांनी उद्यानभर मंदिरे बांधली. या मंदिरांत देव नव्हते, राजकारण होते. १७३३ मध्ये पंतप्रधान रॉबर्ट वॉलपोल यांच्या अबकारी कराच्या विधेयकावरून कोबमचे त्यांच्याशी बिनसले. तेव्हापासून स्टो विरोधकांचा अड्डा झाले आणि कोबमच्या छत्राखाली जमलेल्या तरुणांत थोरला विल्यम पिट आणि जॉर्ज ग्रेनव्हिल हे दोन भावी पंतप्रधान होते. केंटने रचलेल्या 'ब्रिटिश थोरांच्या मंदिरा'त सोळा अर्धपुतळे ओळीने मांडले आहेत. त्यांत शेक्सपिअर, मिल्टन, न्यूटन आणि लॉक आहेत, राजा आल्फ्रेड आहे, एलिझाबेथ राणी ही एकमेव स्त्री आहे, आणि राजाने लादलेला जहाज-कर द्यायला नकार देणारा याच परगण्याचा सुपुत्र जॉन हॅम्पडनही आहे. त्याखेरीज 'प्राचीन सद्गुणांचे मंदिर' सुबक आणि अभंग बांधले, तर त्याच्याजवळ 'आधुनिक सद्गुणांचे मंदिर' मुद्दाम भग्नावस्थेतच उभारले. गॉथिक शैलीतले आणखी एक मंदिर स्वातंत्र्याला वाहिले होते.

हे स्वातंत्र्य कोणाचे? या उद्यानाची जमीन पूर्वी मोकळी नव्हती. तेथे स्टो नावाचे गाव होते. उद्यान वाढत गेले तसे गाव नाहीसे झाले. त्याचे मध्ययुगीन चर्च तेवढे राहिले, तेही झाडीच्या पडद्याआड, हवेलीतून पाहणाऱ्याच्या नजरेस पडू नये असे. शेजारची बॉयकॉट नावाची वस्तीही गेली. तिचे नाव आज उद्यानातल्या दोन शोभिवंत मंडपांना आहे. गाव उठवून त्याचे नाव मंडपाला द्यायचे, यात त्या काळी कोणाला काही वावगे वाटले नाही.

उद्यानाची कड आखताना ब्रिजमनने एक युक्ती मोठ्या प्रमाणावर वापरली. इंग्रजीत तिला 'हा-हा' असे विनोदी नाव आहे. उंच भिंत किंवा कुंपण घालण्याऐवजी खोल चर खणायचा आणि त्याची आतली बाजू दगडाने उभी बांधून काढायची. हवेलीतून पाहणाऱ्याला हिरवळ थेट क्षितिजापर्यंत गेल्यासारखी वाटते, मध्ये कोठे अडथळाच दिसत नाही. बाहेरचे गुरू किंवा मेंढरू मात्र आत येऊ शकत नाही. इंग्रजी समाजातल्या उच्चनीचतेचे याहून नेमके चित्र सापडणे कठीण. आतल्याला भिंत दिसत नाही, बाहेरच्याला ती ओलांडता येत नाही.

उतरती कळा

अठराव्या शतकात घराणे विवाहांच्या शिड्यांनी वर चढत गेले. ग्रेनव्हिल, न्यूजंट, ब्रिजेस, शँडोस अशी एकेका वारसदार घराण्याची नावे आडनावाला जोडली गेली आणि १८२२ मध्ये 'ड्यूक ऑफ बकिंगहॅम अँड शँडोस' ही पदवी मिळाली. शँडोस घराण्याच्या वारसदारणीबरोबर जमैकामधला 'होप' नावाचा मळाही आला. तेथे गुलाम राबत होते. १८३३ च्या कायद्याने वसाहतींतली गुलामगिरी संपुष्टात आली तेव्हा ब्रिटिश संसदेने दोन कोटी पौंडांची भरपाई मंजूर केली. ती गुलामांना नव्हे, मालकांना मिळाली, आणि स्टोचे घराणेही त्या मालकांत होते. स्वातंत्र्याच्या मंदिरांमागे असाही पैसा होता, हे लक्षात ठेवलेले बरे.

दुसरा ड्यूक स्वतःला शेतकऱ्यांचा मित्र म्हणवीत असे. धान्यावरील आयातकर टिकावा म्हणून तो हिरिरीने लढला आणि त्याच मुद्द्यावर १८४२ मध्ये पील यांच्या मंत्रिमंडळातून बाहेर पडला. पण स्वतःच्या घरचा हिशेब त्याला जमला नाही. १८४५ च्या जानेवारीत व्हिक्टोरिया राणी स्टोला आली, त्या सरबराईवर ऋण काढून खर्च झाला. दोन वर्षांत घराण्यावरचे कर्ज दहा लाख पौंडांच्या वर गेल्याचे उघड झाले आणि ड्यूकने देश सोडला. १८४८ मध्ये हवेलीतील वस्तूंचा लिलाव झाला. तो चाळीस दिवस चालला. शेक्सपिअरचे 'शँडोस' म्हणून ओळखले जाणारे चित्र याच लिलावात ३५५ गिनींना लॉर्ड एल्समिअर यांनी घेतले आणि १८५६ मध्ये नव्याने स्थापन झालेल्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीला दिले. त्या संग्रहालयाच्या नोंदवहीत ते पहिले चित्र आहे. एका घराण्याचे दिवाळे निघाले तेव्हा राष्ट्राला शेक्सपिअरचा चेहरा मिळाला.

तिसरा ड्यूक बापापेक्षा वेगळ्या मुशीतला होता. तो कष्टाळू आणि हिशेबी होता. सरदारपुत्राने नोकरी करणे कमीपणाचे मानले जाई त्या काळात तो एका मोठ्या रेल्वे कंपनीचा अध्यक्ष झाला, आपल्या वॉटन येथील मालमत्तेसाठी त्याने छोटी ट्रामगाडीही घातली. भारताच्या इतिहासात तो १८७५ मध्ये मद्रासचा गव्हर्नर म्हणून येतो. पाठोपाठ १८७६ ते ७८ चा भीषण दुष्काळ आला. त्याने दख्खन आणि मद्रास इलाखा होरपळून काढला. मद्रास सरकारने बाजारातून धान्य खरेदी केले, तर व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांना व्यापारात सरकारने हात घालणे नामंजूर होते. मद्रासच्या खर्चाला आळा घालण्यासाठी त्यांनी सर रिचर्ड टेंपल यांना पाठवले. हे टेंपल स्टोच्या वारसांपैकी नव्हेत.  दुष्काळी कामावरच्या मजुराला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे, ही त्यांनी ठरवलेली मजुरी 'टेंपल वेज' म्हणून कुप्रसिद्ध झाली. मुंबई इलाख्यातही ती लागू झाली, मजुरांनी तिच्याविरुद्ध कामे सोडली आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने सरकारकडे अर्ज केले. तेच टेंपल १८७७ मध्ये मुंबईचे गव्हर्नर झाले. १८७९ चे वासुदेव बळवंत फडक्यांचे बंड त्यांच्याच कारकिर्दीतले.

मद्रासच्या ड्यूकला निर्दोष ठरवण्याचे कारण नाही. त्याच्या इलाख्यात लाखो माणसे मेली. कोरोमंडल किनाऱ्याचा जलमार्ग दुष्काळी कामात पुरा झाला आणि त्याला 'बकिंगहॅम कालवा' असे नाव मिळाले. कालवा खणणाऱ्यांची नावे कोठे नाहीत. बॉयकॉट गावाच्या बाबतीत गाव गेले आणि नाव उरले. येथे माणसे गेली आणि उरले ते एका दूरच्या इंग्रजी परगण्याचे नाव.

हवेलीत शाळा येते

१८८९ मध्ये तिसरा ड्यूक वारला. मुलगा नसल्याने ड्यूकपद संपले. हवेली मुलीकडे आली. काही काळ ती फ्रान्सच्या सिंहासनावर हक्क सांगणाऱ्या काउंट ऑफ पॅरिसला भाड्याने दिली होती, तो १८९४ मध्ये तेथेच वारला. याच सुमारास साऱ्या इंग्लंडभर जमीनदारीचे कंबरडे मोडत होते. १८७० नंतर अमेरिकेतून स्वस्त गहू येऊ लागला तसे शेतीचे उत्पन्न आणि खंड घसरले. १८९४ च्या अर्थसंकल्पाने मृत्यूनंतरच्या मालमत्तेवर नवा कर बसवला आणि पुढे त्याचे दर वाढतच गेले. त्यात महायुद्ध आले. स्टोचा थोरला वारस १९१४ च्या डिसेंबरात मारला गेला. १९२१ आणि १९२२ मध्ये उरलेसुरले सामान, पुतळे, अगदी उद्यानातले शिल्पही विकले गेले. दक्षिणेच्या पायऱ्यांवरचे दोन सिंह ब्लॅकपूलच्या सार्वजनिक उद्यानात जाऊन बसले. तेथे त्यांच्याजवळ कोणाचेही मूल जाऊ शकत होते.

हवेली पाडून दगड-विटा विकल्या जाण्याची शक्यता खरी होती, अनेक हवेल्यांचे तसेच झाले. स्टो वाचले ते शाळेमुळे. ११ मे १९२३ रोजी ९९ मुलांनिशी स्टो स्कूल सुरू झाले. जे. एफ. रॉक्सबरो हे पहिले मुख्याध्यापक १९४९ पर्यंत त्या पदावर होते. वास्तुविशारद क्लो विल्यम्स-एलिस यांनी हवेलीचे शाळेत रूपांतर केले, आणि तिच्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेने घरे उठू नयेत म्हणून ती जमीन स्वतःच्या पैशाने विकत घेऊन ठेवली. रॉक्सबरो यांच्या काळात जुन्या निवासी शाळांतला कडकपणा येथे सैल झाला. ते मुलांना आडनावाऐवजी पहिल्या नावाने हाक मारीत, उद्यानात हिंडायची मोकळीक होती. सुंदर परिसरात वाढलेल्या मुलाला सौंदर्य ओळखता येईल, अशी त्यांची श्रद्धा होती. ती खोटी म्हणता येणार नाही.

तथापि या शाळेने जपले तसे मोडलेही. १९२० च्या दशकात प्रार्थनागृह बांधायचे ठरले तेव्हा 'ऐक्य आणि विजय' मंदिराचे सोळा खांब काढून तेथे नेण्यात आले. सप्तवार्षिक युद्धातील विजयानंतर १७६३ मध्ये त्या मंदिराला हे नाव मिळाले होते. साम्राज्याच्या विजयस्तंभांना मुलांच्या प्रार्थनागृहाचा आधार व्हावे लागले. १९९० च्या दशकात नॅशनल ट्रस्टने त्या मंदिराला नवे खांब बसवले, कारण तोवर, १९८९-९० मध्ये, उद्यान ट्रस्टकडे आले होते. आज तिकीट काढून कोणीही त्या उद्यानात फिरू शकतो. हवेलीत शाळा चालूच आहे.

दोन वेगळ्या वाटा

हवेलीची शाळा होणे म्हणजे केवळ एका वर्गाकडून त्याच वर्गाच्या मुलांकडे किल्ल्या जाणे, असे म्हणून विषय संपवता आला असता. पण याच परगण्यातले विकम ॲबी हे उदाहरण त्याला मुरड घालायला लावते. हाय विकम गावाची ही हवेली लॉर्ड कॅरिंग्टन या बँकमालकाने अठराव्या शतकाच्या अखेरीस विकत घेतली आणि जेम्स वायट या वास्तुविशारदाकडून नव्या रूपात उभारून घेतली. १८९६ मध्ये फ्रान्सिस डव्ह यांनी तेथे चाळीस मुलींची शाळा सुरू केली. डव्ह केंब्रिजच्या गर्टन कॉलेजच्या सुरुवातीच्या विद्यार्थिनींपैकी. त्या काळी केंब्रिज स्त्रियांना शिकू देई, पदवी देत नसे. मुलींनाही गणित, लॅटिन आणि मैदानी खेळ मुलांइतक्याच गंभीरपणे मिळाले पाहिजेत हा त्यांचा आग्रह होता. १९०७ मध्ये त्या हाय विकमच्या नगरपालिकेवर निवडून आल्या, दुसऱ्या वर्षी महापौरपदासाठी त्यांचे नाव पुढे आले, पण ते पद त्यांना मिळू दिले गेले नाही. हवेलीची मालकी बदलली तेव्हा त्या घरात पूर्वी ज्यांना पाहुणी किंवा दासी एवढेच स्थान होते अशा स्त्रियांच्या हाती विद्या आली. फी भरू शकणाऱ्या घरांतल्याच मुलींना ती मिळाली हे खरे, पण ती मिळाली हेही खरे.

शाळा न आल्यास काय होते ते मेंटमोरने दाखवले. रॉथशिल्ड घराण्यासाठी जोसेफ पॅक्स्टन यांनी १८५० च्या दशकात बांधलेली ही हवेली, आतल्या अपूर्व संग्रहासह, वारसांनी १९७० च्या दशकात कराच्या बदल्यात सरकारला सुमारे वीस लाख पौंडांना देऊ केली. सरकारने नकार दिला. १९७७ मध्ये संग्रहाचा लिलाव झाला, त्याचे साठ लाखांहून अधिक पौंड आले आणि वस्तू जगभर पांगल्या. रिकामी हवेली पुढल्या वर्षी महर्षी महेश योगी यांच्या संघटनेने घेतली आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत ती त्यांच्याकडे होती. या प्रकरणाची बोच इतकी होती की १९८० मध्ये ब्रिटनने अशा वारशासाठी स्वतंत्र राष्ट्रीय निधी उभारला.

आजचा चर

मग शाळांनी वाचवलेल्या हवेल्यांबद्दल समाधान मानावे काय? मानावे, पण हिशेब पुरा करून. इंग्लंडमधल्या बहुतेक परगण्यांनी १९६० नंतर अकराव्या वर्षी परीक्षा घेऊन मुलांची वाटणी करण्याची पद्धत सोडून दिली. बकिंगहॅमशायरने ती ठेवली. आजही तेथे तेरा सरकारी ग्रामर स्कूल आहेत आणि त्यांत प्रवेश त्या परीक्षेवर मिळतो. रॉयल लॅटिन त्यांपैकीच एक. तेथे फी नाही, पण दार सगळ्यांसाठी उघडे नाही. शिकवणीचा खर्च परवडणाऱ्या घरांतली मुले या परीक्षेत सरस ठरतात, ही तक्रार त्या परगण्यात जुनी आहे. म्हणजे तीन मैलांच्या टापूत दोन तऱ्हेच्या शाळा आहेत. एकीच्या दारात फी उभी आहे, दुसरीच्या दारात परीक्षा.

ब्रिजमनचा चर स्टोच्या उद्यानाच्या कडेला अजून आहे. आता त्याची भिंत डागडुजी करून नीट राखली जाते, आणि ते योग्यच आहे, कारण तो अभिजात कारागिरीचा नमुना आहे. ऐतिहासिक वास्तू जपताना तिची खांब-तुळई जपली पाहिजे. तिच्यामागची समाजरचना मात्र आपोआप जपली जाते, तिच्यासाठी कोणाला निधी उभारावा लागत नाही. म्हणून वारसा सांगणाऱ्याने हवेलीबरोबर गेलेले गाव, होपच्या मळ्यावरचे गुलाम आणि मद्रासच्या कालव्यावरचे मजूरही सांगितले पाहिजेत. 'ब्रिटिश थोरांच्या मंदिरा'त त्यांच्यासाठी जागा ठेवलेली नाही. पण त्या मंदिरासमोरून रोज जाणाऱ्या मुलांना ते कोण होते हे शिकवणे ही गोष्ट शाळेच्या हातची आहे, आणि हवेलीपेक्षा शाळा श्रेष्ठ ठरते ती एवढ्यासाठीच.